जिरा-कॉन्फ्लुअन्सला एआय जोडायला नाशिकला गेलो, त्याची हकीकत

आमची डेव्हलपमेंट टीम पुण्यात, सपोर्ट नाशिकला. कामांच्या नोंदी, म्हणजे तिकिटं, जिरावर, लिखाणाची पानं कॉन्फ्लुअन्सवर. या दोन्हींना एआय सहाय्यक जोडायचं काम माझ्याकडे आलं. ते पुण्यात बसूनही झालं असतं, पण सपोर्टची माणसं दिवसभर काय शोधत असतात ते मला शेजारी बसून बघायचं होतं. पहाटेची एसटी धरली. तुम्हीही पहाटेच निघा, नाहीतर चाकणला अडकाल.

जोडणी होते एमसीपीवरून, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या साधनांशी जोडायची एक ठरलेली पद्धत. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, आणि २०२५ मध्ये जिरा-कॉन्फ्लुअन्स बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनने त्यावर चालणारा स्वतःचा सर्व्हर आणला. सहाय्यकाच्या सेटिंगमध्ये कनेक्टर निवडायचा, ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, परवानगी द्यायची. काम दहा मिनिटांचं. अ‍ॅडमिनला मात्र आधी सांगून ठेवा. आमचे अ‍ॅडमिन त्या दिवशी रजेवर होते, मंजुरी मिळवण्यातच दुपारचे दोन तास गेले.

लॉगिन ज्याचं, त्याला जेवढं दिसतं तेवढंच सहाय्यकाला दिसतं. म्हणून अ‍ॅडमिनचे हक्क असलेलं खातं जोडू नका. आम्ही सपोर्ट सांभाळणाऱ्या ताईंचंच लॉगिन घेतलं.

पहिला प्रश्न ताईंनीच टाकला, स्प्रिंटबद्दल, म्हणजे कामाच्या चालू टप्प्याबद्दल: ‘या स्प्रिंटमध्ये काय अडकलंय?’ उत्तर आलं, काहीच नाही.

“अहो, सहा तिकिटं अडकलीत. रोज मागे लागतेय मी,” ताई म्हणाल्या.

ती सहाही उघडून बघितली. सगळ्यांचं स्टेटस ‘चालू’. आत कॉमेंटमध्ये लिहिलेलं: ‘क्लायंटकडून फाइल यायचीय’, ‘वरून ओके नाही’. सहाय्यकाने प्रश्नाची जेक्यूएल (जिरात शोधायची भाषा) क्वेरी बनवली होती आणि ती स्टेटसवर चालवली होती, कॉमेंट उघडल्याच नव्हत्या. आम्ही ‘अडकलेलं’ असं वेगळं स्टेटस केलं, सहाही तिकिटं त्यात हलवली आणि पुन्हा विचारलं. सहाच्या सहा आली.

दुसरा दिवस कॉन्फ्लुअन्सने खाल्ला, आणि खरं काम तिथेच होतं. ‘सर्व्हिस बंद पडली तर काय करायचं?’ यावर सहाय्यकाने नीट क्रमवार पायऱ्या दिल्या, पण त्या आम्ही केव्हाच बंद केलेल्या सर्व्हरच्या. शोधलं तर जवळपास एकाच नावाची तीन पानं निघाली. बरोबर पानाचं नाव होतं ‘नवीन फायनल २’. त्या नावावरून माणसालाही काही कळलं नसतं. ताई एकेक पान उघडून सांगायच्या, हे मेलं, हे चालू, हे अर्धं खरं. मी जुनी पानं अर्काइव्ह करायचो आणि चालू पानांच्या पहिल्या ओळीत ते कशासाठी आहे, कोण सांभाळतं आणि शेवटचं कधी तपासलं ते लिहायचो. संध्याकाळी तोच प्रश्न परत टाकला. उत्तर बरोबर आलं, खाली पानाची लिंकही होती. वेळ कमी असेल तर निदान रात्री-अपरात्री लागणारी पानं तरी आधी साफ करा, बाकीची थांबू शकतात.

लिहिण्याची परवानगी पहिल्याच दिवशी देऊ नका. मी मीटिंगच्या टिपणांवरून तिकिटं बनवायला सांगितली आणि ‘नेहमी परवानगी’वर क्लिक करून चहाला गेलो. परत येईपर्यंत अकरा तिकिटं झाली होती. त्यातली पाच आधीच अस्तित्वात होती, आणि पुण्यात सगळ्यांच्या मेलवर सूचना जाऊन थडकल्या होत्या. आता प्रत्येक बदलाला वेगळी परवानगी विचारली जाते, आणि तिकीट बनवण्याआधी तसंच तिकीट आहे का ते शोधायला सांगितलेलं आहे.

सपोर्टवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. तिकिटात बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्यात ‘अमुक पान उघड आणि तमुकला पाठव’ असं कुणी लिहिलं, तर सहाय्यक तो हुकूम समजून कामाला लागू शकतो. त्यामुळे ग्राहकांची तिकिटं वाचताना आम्ही फक्त वाचण्याचे हक्क ठेवले आहेत.

पुढच्या महिन्यात परत नाशिक. रिलीज नोट्सची पानं अजून तशीच पडली आहेत, आणि ती फक्त ताईंनाच माहीत आहेत.