कित्ता गिरवायला ठाण्याहून काळा घोड्यापर्यंत

माझ्या आईचं पोर्ट्रेट गेले आठ महिने नौपाड्याच्या घरात इझलवर अडकलं होतं. चेहरा जमला, साडीचा पोत जमला, पण मांडीवर ठेवलेले हात काही केल्या बसेनात. बोटं कापून वरून चिकटवल्यासारखी दिसायची. वीस वर्षं तैलरंगात काम करते, घर व्यक्तिचित्रांवर चालतं, आणि दोन हातांपाशी येऊन मी थांबले होते. पाच-सहा वेळा रंग खरवडल्यावर ठरवलं, लहानपणी अक्षर सुधारायला जे करायचो तेच आता करायचं. कित्ता गिरवायचा. ज्याला हात साधलाय त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

म्हणून जुलै-ऑगस्टमधले चार बुधवार मी मुंबईत काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढले. आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च म्हणतात. इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेटची, लोकांसाठी खुली झाली 1922 साली. मला जायचं होतं ते वरच्या मजल्यावर, युरोपीय तैलचित्रांच्या दालनात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चित्रं तिथे आहेत. खरा जुना युरोपीय कॅनव्हास, त्यावरच्या भेगा आणि ब्रशच्या खुणांसकट, ठाण्याहून तासाभराच्या लोकल प्रवासावर आहे. आपण छपाईतल्या आणि मोबाइलवरच्या चित्रांवर किती वर्षं काढली याचं मला तिथे उभं राहिल्यावर वाईट वाटलं.

जाण्याचं आधी सांगते. ठाण्याहून सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) साधारण 34 किलोमीटर. संग्रहालय सव्वादहाला उघडतं, पण त्या हिशेबाने निघालात तर ऐन गर्दीत सापडता आणि हातातल्या वहीचे कोपरे दुमडतात. मी स्लो पकडायचे, ठाण्याहूनच सुटणारी, म्हणजे बसायला मिळतं. परतीला साडेचारच्या आत सीएसएमटीला पोहोचायचं, नाहीतर उभं राहून थकलेले पाय पुन्हा तासभर उभे. वाशी, नेरूळ, पनवेलकडच्यांना हार्बरने थेट सीएसएमटी आहेच. तिथून हुतात्मा चौकावरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. रविवार टाळा. मेगाब्लॉक असतो आणि दालनात सहलीची गर्दी. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आणि फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, तेव्हाही निवांतपणा नाही. पावसाळ्यातला मधला वार सगळ्यात चांगला, फक्त वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाला. एकीत पाणी जातं.

सामान कमीत कमी न्या, मोठी बॅग आत नेता येत नाही. मी ए-फोर आकाराची जाड पुठ्ठ्याची वही, घरूनच टोकं काढलेल्या सहा पेन्सिली आणि पुट्टी रबर एवढंच नेलं. शार्पनर नको, त्याचा भुगा जमिनीवर पडतो. रंग नेऊ का, हे मी विचारलंही नाही. ओला रंग, पाणी, शाई असलं काही जुन्या कॅनव्हासच्या जवळ नेऊच नये, या मताची मी आहे. घडीचं स्टूल किंवा मोठा बोर्ड न्यायचा असेल, तर आधी लेखी विचारून मगच घरातून निघा. टर्पेंटाइनची बाटली तर लोकलमध्येही नेऊ नका. ज्वलनशील वस्तू रेल्वेत चालत नाही, आणि चालली असती तरी त्या गर्दीत ती फुटण्याची कल्पना करून बघा.

पहिला बुधवार वाया गेला आणि चूक माझी होती. आठ-नऊ माणसं असलेलं भलंमोठं चित्र पाहून भारावले आणि त्याचंच रेखाटन सुरू केलं. चार तासांनी माझ्याजवळ आठ डोकी आणि एक घोडा होता. हातांबद्दल काहीही नवीन कळलं नव्हतं. गाडीत कुर्ला गेल्यावर लक्षात आलं की मी कित्ता गिरवला नव्हता, चित्राचा नकाशा काढला होता. कित्त्यात एकच अक्षर पानभर असतं आणि ते कुठून सुरू करायचं हे आधी शिकवतात. ‘क’ आधी गोल की आधी दांडा, हे हाताला कळलं की अक्षर आपोआप सुधारतं. चित्रातही मला तेच हवं होतं. हात कसा दिसतो ते मला माहीत होतं. त्या चित्रकाराने आधी काय लावलं आणि शेवटी काय, ते माहीत नव्हतं.

म्हणून दुसऱ्या बुधवारी एक साधं व्यक्तिचित्र निवडलं. गडद कपड्यातला माणूस, पांढरा कफ, आणि उजेडात आलेला एक हात. चित्राचं नाव मी मुद्दाम देत नाही. तुमची अडचण केसांची असेल, कापडाच्या चुण्यांची असेल, आभाळाची असेल. आधी ती अडचण एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग दालनभर फिरून तिचं उत्तर कोणत्या चित्रात आहे ते शोधा. चित्र आवडतं म्हणून निवडलं की पहिल्या बुधवारसारखं होतं.

निवडलेल्या चित्रातलाही वीतभर तुकडाच घ्या. मी मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा घेतला आणि तो सहा वेळा काढला. डोळे किलकिले करून फक्त दोन टोन, उजेड आणि अंधार. मग तीन टोन. मग फक्त कडा: कुठली धारदार, कुठली विरलेली. कपडे गडद घाला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरा कुर्ता काचेत आणि वार्निशवर उमटतो, आणि नेमका अंधाराचा भाग दिसेनासा होतो. समोर उभं न राहता दोन पावलं बाजूला सरकलं की चकाकी जाते आणि रंगाचा थर तिरका दिसतो. जाड कुठे आणि पातळ कुठे, हे तिथूनच कळतं.

आता रंगपट्टीबद्दल. हीच युक्ती पूर्ण खेपेत सगळ्यात उपयोगी पडली. पेन्सिलने काढलेल्या चित्रात रंग कसा नोंदवायचा? ‘तपकिरीसर करडा’ असं लिहून घरी आलं की त्या शब्दाचे शंभर रंग होतात. फोटोवर विसंबावं तर प्रत्येक फोन वेगळा रंग दाखवतो. म्हणून घरी जाड कागदाची दोन इंच रुंद पट्टी कापली. तिच्यावर तैलरंगाचे बारा ठिपके दिले, रॉ अंबर या गडद तपकिरीपासून कातडीच्या फिकट उजेडापर्यंत, आणि प्रत्येकाला आकडा. ठिपक्याच्या मधोमध पंचिंग मशीनने एक भोक. दालनात सुरक्षा रेषेच्या मागेच उभं राहून, हात लांब करून, एक डोळा मिटून त्या भोकातून चित्र पाहायचं. भोकातला रंग आणि भोवतीचा ठिपका एकमेकांत मिसळून गेले तर आकडा लिहायचा. पट्टीवर आणि चित्रावर पडणारा उजेड एकच असतो, त्यामुळे दालनातल्या दिव्यांचा पिवळेपणा आड येत नाही. पहिली पट्टी मी चार दिवस आधी बनवली आणि पावसाळी हवेत ती वाळली नाही. दोन पट्ट्या पिशवीत एकमेकींना चिकटल्या. किमान दोन आठवडे आधी बनवा. पट्टी वर करण्याआधी सुरक्षारक्षकाला दाखवा. मी न दाखवता हात पुढे केला तेव्हा ते धावतच आले, “ताई, मागे, मागे!” त्यांचं बरोबर होतं. समजावून सांगितल्यावर त्यांनीही एक डोळा मिटून भोकातून बघितलं, आणि पुढच्या खेपेला स्वतःच विचारलं, “आज कितवा नंबर?”

तिसऱ्या बुधवारी उत्तर मिळालं. बोटांच्या मधली सावली सात नंबरला जुळत होती. हाताच्या खालचा कपडा, जिथे तो हाताला लागतो, तोही सात. मागची भिंत एका कोपऱ्यात पुन्हा सात. मी तीन वेळा तपासलं. बोटांमधली ती सावली चित्रकाराने रंगवलेलीच नव्हती! कॅनव्हासला आधी जो तपकिरी रंगाचा थर दिला होता तोच तिथे उघडा ठेवला होता. बोटांच्या बाजूंवर पातळ हाफटोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या मधला रंग, ओढलेला, आणि जाड रंग फक्त चार जागी: तीन पेरांवर आणि अंगठ्याच्या नखावर. कफचा पांढरा रंग ओला असतानाच मनगटावर जरासा ओढलेला, म्हणून तिथली कड विरलेली. मी मात्र इतके महिने प्रत्येक बोटाभोवती नवी सावली कालवून लावत होते. म्हणूनच माझी बोटं कापलेली दिसायची. वहीत मी फक्त क्रम लिहिला: जमीन (म्हणजे तो तपकिरी थर), भोवतालचा अंधार, हाफटोन, कफ, चार ठिपके. मग बाहेर येऊन कट्ट्यावर बसून डबा खाल्ला. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथलं समोवार कॅफे 2015 मध्ये बंद झालं, नाहीतर त्या दिवशी मी तिथेच बसले असते.

त्याच दिवशी शाळेच्या गणवेशातली पाच-सहा मुलं मागे येऊन थांबली. एक मुलगी मैत्रिणीच्या कानात म्हणाली, “काकू कॉपी करतायत.” आपल्याकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी, तिच्या आवाजात तसंच काहीतरी होतं. मी तिला वही दाखवली आणि म्हटलं, “सुलेखनाच्या वहीत ठिपक्यांवरून गिरवतेस ना, तसं.” तिला लगेच पटलं. मोठ्यांना पटवायला वेळ लागतो. प्रत केली की स्वतःची शैली जाते, असं चांगले चित्रकारही म्हणतात. फ्लेमिश चित्रकार रुबेन्स 1628 साली माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशीचा होता, युरोपभर नाव होतं, आणि तिथे बसून त्याने तित्सियानो (टिशियन) या आधीच्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती केल्या. वॅन गॉगने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून केल्या, त्याही काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांवरून. दोघांच्या शैलीला काय झालं ते आपण पाहतोच. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचं आहे. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांत चित्रकार पेस्तनजी बोमनजी होते. त्या प्रतींपैकी बऱ्याच लंडनला 1885 च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांत असे काही तपशील आहेत जे आता मूळ भिंतीवरही दिसत नाहीत. प्रतीला कमी लेखणाऱ्यांना मी हे सांगते.

घरचं काम चौथ्या बुधवारच्या आधी सुरू केलं. लहान कॅनव्हास, बारा बाय सोळा इंच. रॉ अंबरमध्ये थोडी बर्न्ट सिएना, टर्पेंटाइनने पातळ करून फडक्याने चोळली. अंबर लवकर वाळतो, तरी पावसात तीन दिवस दिले. रंग मोजून सहा: अंबर, सिएना, येलो ऑकर, आयव्हरी ब्लॅक, पांढरा, आणि पेरांपुरता किंचित लाल. टायटॅनियम व्हाइट जपून वापरा. जुन्या चित्रकारांचा पांढरा शिशाचा होता. आपला टायटॅनियम जास्त झाकणारा आणि थंड आहे, हात खडूसारखा दिसायला लागतो. मी त्यात ऑकर मिसळूनच लावला. काम खिडकीच्या उजेडात करा आणि शेजारी तीच पट्टी टांगा. आकडा सात म्हणजे सात, मनाने बदलू नका. पहिल्या प्रतीत मी बदलला आणि बोटं पुन्हा सुटली. दुसऱ्या प्रतीत बसली. चौथ्या बुधवारी वही घेऊन गेले ते फक्त चुका तपासायला: अंगठा मी जाड केला होता.

प्रत विकायची असो वा भिंतीवर लावायची, आकार मूळ चित्रापेक्षा वेगळा ठेवा आणि मागे ‘प्रत’ असं लिहून स्वतःची सही व वर्ष टाका. लूव्र संग्रहालयात प्रत करणाऱ्यांना आकार बदलण्याचा नियमच आहे, तो आपणही पाळावा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांची प्रत करून विकायला अडचण नाही. हुसेन 2011 साली गेले, त्यांच्या चित्राची वहीत अभ्यासापुरती करा, विकू नका.

परवा आईच्या चित्रातले दोन्ही हात मनगटापर्यंत खरवडून काढले आणि तिथे नुसता तपकिरी रंगाचा थर दिला. आई बघायला आली. म्हणाली, “अगं, पुसलंस का सगळं?” मी तिला म्हटलं, “खुर्चीत बस आणि हात तसेच मांडीवर ठेव, खिडकीचा उजेड पाचपर्यंत आहे.”