नाइट शिफ्टचं फुटेज आणि एक पतंग

फोनवरच मॅनेजरसाहेबांचा निकाल लागलेला होता. गोदामातून माल गेला, रात्रीचं रेकॉर्डिंग मध्येमध्ये गायब आहे, म्हणजे वॉचमननेच डिलीट केलं. मी सीसीटीव्हीवाला, मी फक्त येऊन तसं कागदावर लिहून द्यायचं.

एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. तो मोशन रेकॉर्डिंगवर ठेवला की टाइमलाइन तुटकच दिसते. हालचाल झाली की पट्टा, नाही झाली की फट. लोकांना पट्टे दिसत नाहीत, फटी दिसतात. मी आधी लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, उघडला. रात्री कुणी लॉगिन केलेलं नाही, डिस्क फॉरमॅट झालेली नाही, वीज गेलेली नाही, कॅमेऱ्याची केबल निघालेली नाही. शिवाय अनेक एनव्हीआरमध्ये एखादीच क्लिप पुसायची सोय नसते, तशी ती इथेही नव्हती. पुसायचं तर अख्खी डिस्क. वॉचमनकडे पासवर्डही नव्हता. साहेब म्हणाले, "ही माणसं फार हुशार असतात." यावर काय बोलणार?

मग मागच्या दाराच्या कॅमेऱ्याची सेटिंग काढली आणि डोकं फिरलं. साधं मोशन डिटेक्शन माणूस वगैरे ओळखत नाही. आत्ताची फ्रेम आधीच्या फ्रेमशी ताडून बघतं, तेही सेटिंगमध्ये चित्रावर आखलेल्या जाळीतल्या ज्या चौकटी रंगवल्यात तेवढ्यांतच. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागले की किडे गोळा होतात, आणि लेन्सपासून चार बोटांवरचा किडा पंधरा मीटरवरच्या माणसापेक्षा मोठा आणि पांढराफटक दिसतो. कोळ्याने जाळं विणलं तर रात्रभर मोबाईल वाजत राहतो. यावर उपाय म्हणजे काच पुसणं, जाळं काढणं, जमलं तर इन्फ्रारेडचा दिवा कॅमेऱ्यापासून लांब लावणं. आणि नोटिफिकेशन बंद करणं, कारण ते वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं. एक टिक काढली की फोन गप्प होतो, रेकॉर्डिंग चालू राहतं. आधीच्या इन्स्टॉलरने यातलं काही केलं नव्हतं. सेन्सिटिव्हिटी तळाला नेली होती आणि भिंतीकडच्या अर्ध्या चौकटी पुसून टाकल्या होत्या. ग्राहक खूश, तक्रार बंद.

दार नेमकं त्या भिंतीतच. त्यात तिथून निघालेला माणूस थेट कॅमेऱ्याकडे चालत येतो. आडवा जाणारा माणूस चौकटींमागून चौकटी ओलांडतो, समोरून येणारा बराच वेळ त्याच चौकटींत हळूहळू मोठा होतो. एवढ्या कमी सेन्सिटिव्हिटीला तो बदल दिसणार कसा?

तरी सगळ्या क्लिप बघितल्या. साहेबांनी आधीच बघून सोडून दिलेली एक होती : लेन्ससमोरून पतंग गेला, चित्रभर पांढरी रेघ, संपलं. पण क्लिप तिथे संपत नाही. हालचाल थांबल्यावरही पोस्ट-रेकॉर्डचे 30 सेकंद चालूच राहतात, आणि त्या शेवटच्या सेकंदांत पुसलेल्या चौकटींतून एक माणूस खांद्यावर खोका घेऊन भिंतीकडेने येतो. चेहरा नाहीच, शटर संथ, हलणारं सगळं फरपटलेलं. मी पुढच्या गेटचा कॅमेरा लावला. त्याच मिनिटाला वॉचमन एका ट्रकसाठी गेट उघडत होता. अशा वेळी आधी घड्याळं तपासतो, कारण एकाच जागेच्या दोन कॅमेऱ्यांत मिनिटांचा फरक मी कितीदा पाहिलाय. इथे दोन्ही एनटीपीवर होते, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप वेळ जुळवून घेत होते, सेकंद जुळत होते.

दोन्ही क्लिप कॉपी करून दिल्या, कागदावर दिसलं तेवढंच लिहिलं. साहेबांचा प्रश्न : "मग चोर कोण?" ते मला कसं माहीत असणार!

चोवीस तास रेकॉर्डिंग ठेवा, मोशनचा उपयोग फक्त शोधायला खुणा म्हणून करा, असं मी सुचवलं. 4 एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 4 मेगाबिटने, एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43 जीबी होतात, त्यामुळे मोठी डिस्क लागेल. ती नको म्हणाले. शेवटी सबस्ट्रीम (कमी दर्जाचं, कमी जागा खाणारं चित्र) सतत आणि मेनस्ट्रीम (पूर्ण दर्जाचं) हालचालीवर, इथवर आलो. "पण रात्री फोन वाजायला नको हं," हेही झालंच.

तो पतंग आला नसता तर कागदावर एवढंच लिहिता आलं असतं की काही डिलीट झालेलं नाही. तेवढ्यावर कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. कारण दोन क्लिप हातात असतानाही वॉचमनला दुसऱ्या साइटवर हलवलंच, असं नंतर कळलं. वातावरण नीट राहावं म्हणून.