मला शुगर निघाली, त्यानंतरचे तीन महिने

फेब्रुवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये मला शुगर निघाली. फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची १६४, आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगणारी टेस्ट, ८.१. तहान लागणं, रात्री सारखं उठणं, थकवा, वजन उतरणं यातलं काहीही होत नव्हतं. वय ४३, वजन ५४ किलो. ज्याला सांगावं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं पण तू तर एवढी बारीक!" मलाही तेच वाटत होतं, लॅबने कुणाचं तरी रक्त माझ्या नावावर टाकलं असणार असं म्हणून मी दुसऱ्या लॅबमध्ये परत टेस्ट केली, तिथे ८.० आली. मग मात्र दोन दिवस मला काही सुचत नव्हतं.

बारीक असून शुगर कशी, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे हे मला नंतर कळलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांबरोबर २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, बरोब्बर २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे काट्यावर आपण फिट दिसतो, आत पोटाभोवती चरबी असते आणि स्नायू कमी असतात, आणि आपल्याकडे हे फार कॉमन आहे. ते वाचल्यावर मला खरंच बरं वाटलं, कारण तोपर्यंत मी काय असं खाल्लं की हे झालं याच विचारात होते. माझ्या आप्पांना शुगर होती, म्हणजे घरातूनही आलेलीच होती.

आप्पांचं सांगायलाच हवं कारण माझी सगळी भीती तिथून येते. ते दर तीन महिन्यांनी टेस्ट करायचे आणि टेस्टच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळायचे, भात बंद, चहा बिनसाखरेचा, मग रिपोर्ट बरा यायचा आणि घरी येताना पेढे. त्या काळी आमच्याकडे फक्त फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची) बघायचे. एचबीएवनसी असती तर असं झालं नसतं, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना जेवढी साखर चिकटते ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, चार दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही. आप्पांच्या डोळ्यांना शेवटी लेझर करावं लागलं. शेवटची दोन वर्षं पेपर मी वाचून दाखवायचे.

म्हणून मी घरी शुगर मोजायचा मीटर घेतला. डॉक्टर म्हणाले होते की तुम्हाला फक्त मेटफॉर्मिनची गोळी आहे, रोज मोजायची गरज नाही. ते बरोबरच आहे, आणि मीटरला लागणाऱ्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिपा काही स्वस्त नाहीत, एक एक वीस-पंचवीस रुपयाला पडते. पण मला माझं ताट समजून घ्यायचं होतं, कारण नुसतं "गोड बंद, भात कमी" सांगून घरात स्वयंपाक होत नाही हो. मग त्यांनीच एक पद्धत सांगितली जी मला फार पटली. एकच जेवण धरायचं, जेवायच्या आधी एकदा मोजायचं आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी परत. दुसऱ्या दिवशी दुसरं जेवण. नुसता एक आकडा काही सांगत नाही, दोघांमधला फरक सांगतो.

हे आकडे मी एका वहीत लिहीत गेले, त्यातलं थोडं सांगते. पोहे, एक प्लेट, वर शेव आणि चहा: आधी ११८, नंतर २१४. तेच पोहे अर्धी प्लेट आणि बरोबर वाटीभर मटकीची उसळ, मग सोसायटीत पंधरा मिनिटं चालणं: आधी १२१, नंतर १६३. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी: ११९ वरून २३८. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नाही की फायबर नाही, आणि आपण तो उपास म्हणून पोटभर खातो! भाकरीनेही मला चकित केलं. सगळे सांगतात पोळी सोडा भाकरी खा, पण ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांनी माझी शुगर दोन पोळ्यांइतकीच वाढते. एक भाकरी, भरपूर पालेभाजी आणि पिठलं, हे मात्र मला मस्त मानवतं. आणि वरणभात मी सोडलेला नाही, सोडणारही नाही, फक्त आधी कोशिंबीर आणि उसळ खाते आणि भात शेवटी, एक मूद. हे माझे आकडे आहेत बरं का, तुमचे वेगळे येतील, म्हणून तर मोजायचं.

जेवल्यावर चालण्याचा एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तेवढी वाट बघावी लागत नाही. आमच्या शरीरात इन्सुलिन असतं पण त्याचं कुणी ऐकत नाही हाच तर आमच्या प्रकारच्या शुगरचा, टाइप टू डायबेटिसचा, मूळ त्रास, मग हा दुसरा दरवाजा सोडायचा कशाला? आता रात्री जेवून मी आणि नवरा निघतो, भांडी नंतर.

मोजण्याचं म्हणाल तर पहिल्यांदा सुई टोचताना हात थरथरत होते. बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे दुखतं आणि दिवसभर टायपिंग करताना ठणकतं, नखाच्या बाजूला कडेला टोचा. आधी कोमट पाण्याने हात धुवा आणि नीट कोरडे करा, हात थोडा खाली सोडा, थेंब आपोआप येतो. जोरात पिळायचं नाही. स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवली की ती स्वतःच रक्त ओढून घेते. स्ट्रिपांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, आपल्या पावसाळ्यात दमटपणाने त्या खराब होतात.

हात धुण्याचं एवढं का सांगतेय तर मे महिन्यात सासूबाईंनी आंबे पिळून रस केला आणि हौसेने म्हणाल्या, "माझी पण बघ गं जरा." आकडा आला २६८! घरात एकदम धावपळ, नवरा डॉक्टरांना फोन लावायला लागला. मला तेवढ्यात त्यांच्या बोटांना चिकटलेला रस दिसला. साबणाने हात धुतले, दुसरं बोट, १२४. बोटावरची साखर थेंबात मिसळते, इतकं साधं आहे ते.

सकाळच्या फास्टिंगने मात्र मला खूप रडवलं. रात्री झोपताना १३२ आणि सकाळी काहीही न खाता १४८, हे कुठून आलं? पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत कॉर्टिसोल वगैरे हार्मोन सोडतं आणि लिव्हर स्वतःची साठवलेली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन ते सांभाळून घेतं, आमच्यात नाही. मेटफॉर्मिनचं मुख्य काम तिथेच आहे, लिव्हरला आवरणं. त्यामुळे रात्रीचं जेवण बंद करून सकाळचा आकडा खाली येईल असं समजून उपाशी झोपू नका. त्या गोळीने पहिले काही दिवस माझं पोट बिघडलं होतं, मळमळ आणि जुलाब, डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी जेवणाबरोबर दिली आणि थांबलं. खूप वर्षं घेतली तर बी-ट्वेल्व कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासायचं. "गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, त्यापेक्षा कारल्याचा रस घे" असं सांगणाऱ्या मावश्या, काकू खूप भेटल्या, माया असते त्यांची, पण गोळी मी बंद केलेली नाही आणि तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून करू नका.

आणखी एक. मीटरच्या आकड्याचा कीस पाडू नका. चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे चालतं, स्टँडर्डमध्येच तेवढी सूट आहे, म्हणजे १५० दिसले तर खरे १३० किंवा १७० सुद्धा असू शकतात. परवा १४२ होती आज १४९ झाली म्हणून दिवस खराब करून घेण्यात अर्थ नाही. हे परीक्षेचे मार्क नाहीत. डॉक्टरांनी मला फास्टिंग ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं सांगितलंय, तेवढं बघते. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या आहेत त्यांचं वेगळं, घाम, थरथर, ७० च्या खाली आकडा आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, जेवणाची वाट बघत बसायचं नाही.

आता मे अखेरची एचबीएवनसी ६.८ आलीय. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन तपासलं, दोन्ही ठीक. टाइप टू कळायच्या आधी वर्षानुवर्षं आत असू शकतो, म्हणून या तपासण्या पहिल्याच वेळी करायच्या असतात. पडद्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तिथेच बाकावर बसून आईला फोन केला.

आता राहिला माझा भाऊ. वय ४७, तोही बारीक, आप्पांचाच मुलगा, आणि "मला काही होत नाही गं" हे त्याचं चालूच. माझ्या मीटरवर तपासतो म्हणाला, पण मीटरवर निदान होत नाही, त्याला शिरेतलं रक्त लॅबमध्येच द्यावं लागतं. फास्टिंग १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ ही रेघ आहे, तिच्या अलीकडे असला तर अजून खूप करता येतं. रविवारी सकाळी सातला मी त्याच्या दारात आहे. वहिनीला सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत त्याला चहा देऊ नकोस.