भिंती तर उभ्याच आहेत ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "भिंती आहेत, छप्पर आहे, मग जुन्या कारखान्याची घरं करणं नव्या बांधकामापेक्षा स्वस्तच पडत असेल ना?" असं कुणी ना कुणी मला सारखं विचारतं. पूर्वी मी लगेच हो म्हणायचे. म्हणजे हा समज पसरवण्यात माझाही हात आहे.

मजबुतीचं म्हणाल तर खरं आहे. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. यंत्रं पेललेल्या जमिनीला ते काहीच नाही. पण कारखाना आत खोल असतो. खिडकीचा उजेड सहा-सात मीटर कामाचा, त्यापुढे भरदुपारीही दिवा. मध्ये चौक काढायचा तर स्लॅब कापा, नवे बीम घाला. बिडाचे खांब ओझं छान सोसतात, वेल्डिंग करायला गेलात की बहुधा तडकतात. कोपनहेगनमध्ये २००५ साली दोन जुन्या सायलोंची, म्हणजे माल साठवायच्या उंच गोल कोठारांची, घरं झाली, तर ती घरं बाहेरून टांगावी लागली. काँक्रीटच्या नळकांड्याला हव्या तेवढ्या खिडक्या पाडता येत नाहीत. आता घ्या, उभ्या भिंती.

हे सगळं मी आधीपासून जाणत होते. जे जाणत नव्हते ते तेल.

एका यंत्रशाळेची आम्ही घरं केली. तळमजल्याचा कोबा कित्येक वर्षं वंगण पीत आलेला. तपासणीसाठी तीन कोअर काढले, म्हणजे कोबा गोल भोकं पाडून काढलेले नमुने, तिन्ही दाराजवळ, कारण आत भंगार पडलं होतं आणि ते हलवायला वेळ नव्हता. अहवाल स्वच्छ आला. येणारच, दाराजवळ यंत्रं नव्हतीच कधी. वरून घासलं, इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट वाळणाऱ्या राळेचा, थर दिला, त्यावर लाकडी फ्लोरिंग.

हिवाळा छान गेला. उन्हाळ्यात एका बाईंचा फोन आला, "घरात गॅरेजसारखा वास येतोय." मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवा. हे वाक्य अजून टोचतं मला. तिसऱ्या फोननंतर गेले. रांगतं बाळ त्यांनी दिवसभर पलंगावर ठेवलं होतं, चारी बाजूंनी उशा लावून. फळ्या उचलल्या तर खाली इपॉक्सीला फोड आलेले, नख लावलं की पापुद्रा सुटत होता. तेलकट काँक्रीटला तो धरलाच नव्हता. चार कुटुंबांना बाहेर काढून कोबा फोडावा लागला. त्या बाई परत आल्या नाहीत.

मालकाला घाई होती, मुदत कमी होती, हे खोटं नाही. पण कोअर कुठून काढायचे त्या खडूच्या खुणा माझ्या हातच्या होत्या.

मग पाडायचं का? तेही मला पटत नाही. त्या विटा एकदा भाजून झाल्यात, त्यांचं इंधन केव्हाच जळून गेलंय. त्यांचा ढीग करून नव्या भाजायच्या कशासाठी? आणि पाडलं म्हणून तेल कुठे जातं? तोच कोबा दुसऱ्या कुठल्या तरी खड्ड्यात. हा युक्तिवाद बरोबर आहे असं मला आजही वाटतं. त्या बाईंसमोर मात्र तो तोंडातून निघाला नव्हता.

तर स्वस्त पडेल का? तुमच्या शेडमध्ये अजून भंगार पडलंय म्हणालात. ते आधी हलवा. मग मी येते, खडू घेऊन.