कुकरची शिट्टी

मंगळवार, रात्री साडेदहा

आज चिऊने पाणी मागितलं. तोंडाने नाही. जुन्या काळ्या परकराच्या कापडावर मी लाल पेला आणि पिवळा चेंडू लांब लांब ठेवले, "पाणी की चेंडू?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले. वर्षभर मला जमत नव्हतं ते हेच, गप्प बसणं. आता मनात आकडे मोजते. आठला नजर पेल्यावर आली, अकराला कुकरची शिट्टी झाली आणि नजर गेली. गॅस बंद करून आले, पुन्हा एकपासून. चौदाला तिने पेल्याकडे पाहिलं, मान खिडकीकडे वळवली आणि तशीच, न बघता, हात पेल्यावर ठेवला.

पूर्वीची मी असते तर हनुवटी धरून "अगं, इकडे बघ ना!" केलं असतं. बघणं आणि हात पुढे करणं, मेंदूमुळे नीट न दिसणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना एकाच वेळी जमत नाही. चिऊचे डोळे चांगले आहेत, चष्म्याचा नंबरसुद्धा नाही. जन्मली तेव्हा रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि दिसलेल्याचा अर्थ लावणारा भाग दुखावला. सी.व्ही.आय. (कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट, म्हणजे मेंदूमुळे येणारा दृष्टिदोष) हे नाव कळेपर्यंत ती अडीच वर्षांची झाली होती. तोवर "लक्षच देत नाही" हे मीही म्हणायचे. असो.

आधी स्टीलची वाटी ठेवायचे. ट्यूबलाइट त्यात चमकायची आणि ही त्या चमकेकडेच बघत बसायची. एका पानावर सोळा चित्रं असलेला तक्ताही मिळाला होता, तिला ती नुसती गर्दीच, म्हणून तो माळ्यावर आहे. आता चित्रांऐवजी वस्तूच खूण: आंघोळीला पंचाचा तुकडा, बाहेर जायला बाबाच्या गाडीची किल्ली. हातात देते, मग शब्द बोलते.

चेहरा तिला ओळखू येत नाही, हे आईंना फार लागलं होतं. सख्ख्या आजीकडे पाहून हसत नाही म्हणजे काय! आता त्या दारातूनच बांगड्या वाजवतात, "चिऊ, आजी आले गं" म्हणतात आणि मगच जवळ घेतात. हसू आवाजालाच येतं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने पेला भिरकावला. मी म्हणते, ते "पुरे" होतं. आई म्हणतात, नुसता आगाऊपणा.