तुम्ही विचारलेत म्हणून: आधी झाडे तोडली कोणी?

निर्वासितांच्या छावण्यांतील तरुण मुले-मुली रोपवाटिका चालवतात, उजाड माळ पुन्हा हिरवा करतात आणि त्या निमित्ताने स्थानिकांशी जुळवून घेतात, असे मी पुण्यात कुठेही बोलले की एक प्रश्न ठरलेला असतो: "पण ती झाडे आधी तोडली कोणी? त्यांनीच ना?" आजवर मी हसून, थोडक्यात उत्तर देत आले. आता एकदा सविस्तर देते.

होय, तोडली. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत बांगलादेशात आले, तेव्हा तेथील कुतुपालोंग छावणीच्या टेकड्यांवरची झाडेच नव्हे, तर त्यांची मुळेही सरपणासाठी उपसली गेली. मात्र त्यांना शिधा म्हणून तांदूळ आणि डाळ मिळाली होती, जळण मिळाले नव्हते, हे विचारणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. २०१८ पासून तेथे गॅस सिलिंडर मिळू लागले, तशी लाकूडतोड झपाट्याने घटली, आणि ढासळत्या उतारांवर माती धरून ठेवण्यासाठी वाळा लावला गेला. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच.

मध्यंतरी सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात मी पुण्यात शिकणाऱ्या एका दक्षिण सुदानी मुलीला बोलावले होते. ती केनियातील काकुमा छावणीत वाढली. ही छावणी १९९२ पासून आहे. शिध्यात ज्वारी मिळते, पण वाटपातले सरपण थोड्याच दिवसांत संपते आणि छावणीबाहेर लाकूड गोळा करायला मनाई असते. म्हणून तुर्काना या स्थानिक पशुपालक जमातीच्या बायका आणतात त्या मोळ्या ज्वारी मोजून विकत घ्यायच्या, म्हणजे उरलेली ज्वारी शिजवण्यासाठी थोडी ज्वारी द्यायची, हे तिने शांतपणे सांगितले. तिच्या गटाने तुर्काना मुलांबरोबर रोपे लावली, तेव्हा पहिल्या बैठका झाडांवर झाल्याच नाहीत. शेळ्या कुठे चरणार आणि काटेरी कुंपणासाठी फांद्या कोण तोडणार, यावरच झाल्या.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ उठले. "ताई, फाळणीनंतर माझे वडील सिंधमधून पिंपरी कॅम्पात आले. त्यांनी कष्ट केले, कुणाचे झाड तोडले नाही." काहींनी टाळ्या वाजवल्या. मी प्रश्न इंग्रजीत सांगितल्यावर तिने विचारले, "त्यांना दुकान काढता आले का?" ते म्हणाले, "आले की!" तिने मान डोलावली आणि ती खाली बसली. सभागृहाला वाटले, ती निरुत्तर झाली. मी आभारप्रदर्शनाकडे वळले. जिन्यात ती म्हणाली, यापुढे झाडांवर बोलायला मला बोलावू नका.

तू मध्ये का पडली नाहीस, असे मैत्रिणी विचारतात. तिचे उत्तर पूर्ण होते आणि ते फोडून सांगणे म्हणजे तिच्या वतीने बाजू मांडणे, असे मला तेव्हा वाटले, आजही बरेचसे वाटते. पण टाळ्या आठवल्या की ते पटेनासे होते. त्या गृहस्थांचा अभिमान रास्तच होता. फरक एवढाच की त्यांच्या वडिलांना नागरिकत्व मिळाले, बाजारपेठ मिळाली. काकुमाच्या माणसाला छावणीबाहेर जायलाही परवाना काढावा लागतो.

पूर्वी मी म्हणत असे की गॅस दिला की काम झाले, वृक्षारोपण हे देणगीदारांच्या छायाचित्रांपुरते असते. मॉरिटानियातील म्बेरा छावणीने तो ताठा उतरवला. मालीतून आलेले तिथले निर्वासित स्वयंसेवक हिरव्या फांद्यांनी झोडपून वणवे विझवतात आणि त्यामुळे स्थानिक पशुपालकांची कुरणेही वाचतात. २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा, आफ्रिका विभागाचा नान्सेन पुरस्कार मिळाला. तरीही छायाचित्रांची शंका माझ्या मनातून गेलेली नाही.

युगांडात निर्वासित कुटुंबाला कसायला जमिनीचा तुकडा मिळतो, मालकी मिळत नाही. मग त्यावर लावलेला आंबा कोणाचा? ती मुलगी म्हणते, पहिल्याच दिवशी तो यजमानांच्या नावे करावा, म्हणजे पुढे त्यावरून कोयते निघणार नाहीत. ज्याने पाणी घातले त्याचा फळावर हक्क हवा, असे मी तिला सांगते. ती म्हणते, हक्काची भाषा परवडते ती तुम्हाला. यावर आमचे अजून जमलेले नाही.