मिनेसोटाच्या जत्रेत लोण्याची डोकी बघायला जाताना

मिनेसोटा स्टेट फेअर, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची जत्रा, बारा दिवसांची. ऑगस्टअखेरच्या एका गुरुवारी सुरू होते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, संपते. २०१९ मध्ये तिथे २१,२६,५५१ लोक आले, तो आजवरचा उच्चांक. एवढ्या गर्दीत ठरवून न गेलेला माणूस खाऊन-पिऊन, पाय दुखवून परत येतो आणि जे इथेच बघायला मिळतं ते त्याच्या हातून सुटतं. ते म्हणजे डेअरी बिल्डिंगमधली काचेची थंड खोली आणि तिच्यात लोण्यातून कोरला जाणारा खऱ्या मुलीचा चेहरा.

या मुलीला ‘प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे’ म्हणतात. १९५४ पासून राज्यातल्या दूध उत्पादकांची ती वर्षभराची प्रतिनिधी असते. मुकुट आणि सॅश बघून याला सौंदर्यस्पर्धा समजू नका. मुलीचं घर दुधाच्या धंद्यातलं असावं लागतं किंवा ती स्वतः डेअरी फार्मवर काम करत असावी लागते. आधी जिल्ह्याची प्रिन्सेस व्हायचं, मग त्यांतून दहा जणी अंतिम फेरीत येतात. परीक्षक बघतात ते बोलणं, दुधाच्या धंद्याची माहिती आणि पत्रकारासमोर न गडबडता उत्तर देण्याची तयारी. पुढे वर्षभर शाळांत, कार्यक्रमांत उभं राहून तिला हेच करायचं असतं. जत्रा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, मैदानातल्या लायनी लॉज बँडशेलवर निकाल लागतो. दुसऱ्याच दिवशी, जत्रेच्या पहिल्या सकाळी, नवी प्रिन्सेस थंड खोलीत बसते.

म्हणून पहिला सल्ला दिवसाचा. खुद्द प्रिन्सेस के बघायची असेल तर पहिला गुरुवार. बाकीच्या नऊ जणी पुढच्या दिवसांत, रोज एक. दहा मुली आणि बारा दिवस, त्यामुळे शेवटच्या रविवारी-सोमवारी तयार डोकी दिसतील, पण कोरणं चालू असेलच असं धरून चालू नका. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळाच. इथल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट: काही वर्षी गणपती याच दिवसांत येतात. २०२५ मध्ये जत्रा २१ ऑगस्टला सुरू झाली आणि चतुर्थी २७ ला होती. अशा वर्षी पहिले चार-पाच दिवस मोकळे ठेवणं सोपं पडतं.

मैदान सेंट पॉलला लागून फॅल्कन हाइट्समध्ये, स्नेलिंग अव्हेन्यूवर. विमानतळावरून थेट येणार असाल तर ब्लू लाइन या शहरी रेल्वेने ४६ स्ट्रीट स्टेशनपर्यंत या आणि तिथून ए लाइन ही जलद बस घ्या, ती स्नेलिंगवरूनच जाते. गाडी असेल तर ती मैदानाशी नेण्याचा हट्ट करू नका. जवळच्या जागा सकाळीच भरतात आणि मग गल्ल्यांतून फिरण्यात तास जातो. शहरभर पार्क अँड राइडच्या जागा असतात, तिथे गाडी लावून बसने या. त्या वर्षीची यादी निघण्याआधी बघून घ्या.

डेअरी बिल्डिंग जडसन अव्हेन्यू आणि अंडरवुड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे. आत शिरल्यावर काचेची गोल फिरणारी खोली लगेच दिसते. आतलं तापमान सुमारे ४० फॅरनहाइट, म्हणजे साडेचार सेल्सिअसच्या आसपास. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत घामाघूम, आत मुलगी जाड कोट, हातमोजे आणि डोक्यावर मुकुट अशी समोरासमोर बसलेली. तिच्यापुढे ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोंचा, लोण्याचा ठोकळा.

हे आपलं ताक घुसळून काढलेलं पांढरं लोणी नव्हे. क्रीमपासून केलेलं पिवळसर बटर आहे, कायद्याने किमान ८० टक्के दुधाची चरबी असलेलं. थंडी इतकी का, तर बटर वीस अंश सेल्सिअसच्या आसपास बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ होतं आणि तिशीच्या पुढे वितळू लागतं. मऊ झालं की नाकाचा शेंडा, पापणीची कड, केसांची बट असल्या बारीक गोष्टी उभ्याच राहत नाहीत. उलट फार गार असलं तर सुरीखाली ढलपे उडतात, हवं तिथे न तुटता भलतीकडे चीर जाते. साडेचार अंशाला कोरता येतं आणि चूक झाली तर लोणी हातात मळून पुन्हा लावताही येतं. किंमत शिल्पकाराचे हात मोजतात: तासन्‌तास गार लोण्यात राहून बोटं बधिर होतात. ही परंपरा १९६५ पासूनची. लिंडा क्रिस्टेन्सन यांनी १९७२ ते २०२१ अशी पन्नास वर्षं ही डोकी घडवली. त्यानंतर हे काम लिचफिल्डचे जेरी कुल्झर करतात.

एक डोकं पूर्ण व्हायला सहा ते आठ तास लागतात. आमचा आग्रह आहे की खोलीशी एकाच दिवसात दोनदा जा. सकाळी लवकर गेलात तर ठोकळ्याच्या कडा उडताना आणि डोक्याचा ढोबळ आकार निघताना दिसेल, दुपारी तीनच्या पुढे चेहरा ओळखू येईल. फक्त दुपारी जाणाऱ्यांना तयार मूर्ती दिसते आणि ती कशी झाली ते कळत नाही. खोली फिरते, त्यामुळे जागा बदलत धावू नका. एका जागी उभे राहा, मुलगी आणि तिचं डोकं दोन्ही फिरून समोर येतात. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा, फोन काचेला जवळजवळ टेकवा, नाहीतर मागच्या दिव्यांचंच प्रतिबिंब येईल. लहान मुलांना पुढे सोडा. तिथली माणसं त्यांना वाट करून देतात.

दोन फेऱ्यांमधला वेळ जडसन अव्हेन्यूवरच जातो. गुरांचे गोठे तिथेच आहेत. पण गायी बाराही दिवस त्याच नसतात. सुरुवातीला फोर-एच या मुलांच्या संघटनेतल्या मुलामुलींची जनावरं, पुढे खुल्या गटाची, आणि दुधाच्या व मांसाच्या जाती वेगवेगळ्या दिवशी. होल्स्टीन, जर्सी बघायच्या असतील तर दिवसाचं वेळापत्रक आधी पाहा. मू बूथवर दूध काढण्याचं प्रात्यक्षिक असतं. मिरॅकल ऑफ बर्थ सेंटरमध्ये वासरं, पिल्लं प्रत्यक्ष जन्मताना दिसू शकतात, मात्र तिथे वेळ ठरलेली नसते, थांबायची तयारी हवी. गोठ्यातून बाहेर पडताना साबणाने हात धुवाच. नुसतं सॅनिटायझर शेणातल्या जंतूंना पुरत नाही आणि पुढचा थांबा खाण्याचाच असतो.

गोठ्यांजवळ हवं तितकं दूध पिण्याचा ठेला आहे, साधं आणि चॉकलेटचं. इथली रीत अशी की आधी स्वीट मार्थाज्‌च्या गरम कुकीजची बादली घ्यायची आणि ती घेऊन दुधाच्या रांगेत उभं राहायचं. कुकीज चौघांत घ्या, एकट्याला पेलत नाहीत. उन्हात चार-पाच ग्लास गार दूध घशाखाली उतरवून लगेच पाळण्यात बसू नका. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी डेअरी बिल्डिंगमधल्या माल्टपासूनही, म्हणजे आइस्क्रीम घुसळून केलेल्या घट्ट दुधापासूनही, जपून राहावं.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. भाजून बटरमध्ये बुडवलेलं मक्याचं कणीस इथलं सगळ्यात चांगलं खाणं, असं आमचं मत. चीजच्या गोळ्या तळून केलेल्या चीज कर्ड्‌स गरम असतानाच खा, गार झाल्या की रबरी होतात. चीज जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. प्रोंटो पप म्हणजे काडीवरचं सॉसेज. काडीवर आहे म्हणून मुलांच्या हाती देऊ नका.

लोण्याचीच आवड असेल तर शेजारच्या आयोवाची जत्रा याआधी येते आणि ही सुरू होण्यापूर्वी संपते. तिथे १९११ पासून बटरची अख्खी गाय करतात: लाकूड, धातू आणि जाळीच्या सांगाड्यावर सुमारे ६०० पौंड बटर थापून. तिथे सांगाड्यावर भर घालत जायची आणि तेच बटर पुढची काही वर्षं पुन्हा वापरायचं. मिनेसोटात ठोकळ्यातून कमी करत जायचं आणि दर मुलीला नवं लोणी. दोन्ही पाहिल्यावर या कारागिरीतला फरक नीट समजतो.

जत्रा संपली की डोकं त्या मुलीचं होतं. कोरताना निघालेलं लोणीही बादल्या भरून तिच्याबरोबर जातं. काही घरांत डोकं वर्षानुवर्षं डीप फ्रीझरमध्ये असतं. काही जणी गावच्या कणसांच्या जेवणाला किंवा चर्चच्या पॅनकेक न्याहारीला ते देऊन टाकतात. तेव्हा सप्टेंबरात मिनेसोटाच्या एखाद्या खेड्यात कणसाच्या जेवणाला बोलावणं आलं, तर टेबलावरचं लोणी कुठून आलं ते यजमानांना जरूर विचारा.